‘एकात्म’ या शब्दाचा अन्वयार्थ : मायक्रोसॉफ्ट खटला आणि मक्तेदारीची भाषा

अमेरिकेचे न्याय खाते आणि तेथील काही राज्ये यांनी १८ मे १९९८ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीविरुद्ध दाखल केलेला खटला अर्थशास्त्राचा आणि विधिशास्त्राचा विषय मानला जातो. साहित्याभ्यासकांना तो आपल्या क्षेत्राबाहेरचा वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः या वादाच्या मुळाशी एका शब्दाच्या अर्थनिर्णयनाचा प्रश्न होता. तो शब्द म्हणजे ‘एकात्म’. एक कृती कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हा संहिताशास्त्राला परिचित असलेला प्रश्न येथे न्यायालयासमोर उभा राहिला, आणि त्याच्या उत्तरावर एका उद्योगाचे भवितव्य अवलंबून होते.

या शब्दाचा उगम आधीच्या एका संमती-हुकूमनाम्यात आहे. १९९४ साली सरकार व कंपनी यांच्यात तडजोड झाली आणि १९९५ साली न्यायालयाने तिला मान्यता दिली. संगणक-उत्पादकाला विंडोजचा परवाना देताना दुसरे उत्पादनही घेण्याची सक्ती कंपनीने करू नये, असे एक कलम त्यात होते. मात्र ‘एकात्म उत्पादने’ विकसित करण्यास या कलमाने बाध येत नाही, अशी पुस्तीही त्याच कलमाला जोडलेली होती. पुढचा सगळा संघर्ष या पुस्तीतून उद्भवला. इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर विंडोज ९५ सोबत घेणे उत्पादकांना भाग पडू लागले, तेव्हा ही सक्ती आहे, असे सरकारने ऑक्टोबर १९९७ मध्ये म्हटले. ही दोन उत्पादने नसून एकच आहे, असे कंपनीचे उत्तर होते. डिसेंबर १९९७ मध्ये न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी ही सक्ती तात्पुरती मनाई केली. त्यावर कंपनीने उत्पादकांपुढे जे पर्याय ठेवले, त्यांत ब्राउझरच्या फाइली काढून टाकलेली आणि म्हणून सुरूच न होणारी विंडोजही होती. शब्दाला चिकटून अर्थ बाजूला सारण्याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. जून १९९८ मध्ये अपील न्यायालयाने मनाईहुकूम रद्द केला. ग्राहकाने दोन गोष्टी स्वतः एकत्र जोडल्या असता जो लाभ मिळणार नाही, तो ज्या जुळणीतून मिळतो ती एकात्म, अशी व्याख्या त्या न्यायालयाने केली.

मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर कंपनीचा दावा नित्यसमासाचा होता : पदे वेगळी दिसली तरी त्यांचा विग्रह संभवत नाही. सरकारचे म्हणणे असे की, ही दोन स्वतंत्र पदे केवळ शेजारी ठेवलेली आहेत. प्रिन्स्टन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड फेल्टन यांनी सरकारतर्फे साक्ष देताना विंडोज ९८ मधून ब्राउझर वेगळा करणारी आज्ञावली सादर केली. हा विग्रहाचाच प्रयोग होता. तो फसतो, हे दाखवण्यासाठी कंपनीने न्यायालयात चित्रफीत दाखवली. परंतु उलटतपासणीत त्या फितीतील विसंगती उघड झाल्या आणि पुरावा म्हणून तिची विश्वासार्हता खालावली.

मुळात एका ब्राउझरसाठी एवढा अट्टाहास का? न्यायाधीश जॅक्सन यांच्या ५ नोव्हेंबर १९९९ च्या तथ्यनिष्कर्षांत त्याचे सविस्तर विवेचन आहे. ४१२ परिच्छेदांचा हा दस्तऐवज कथनशास्त्राच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे. व्यक्तिगत संगणकांच्या बाजारात विंडोजचा वाटा ९५ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता आणि तिच्यावर चालणाऱ्या आज्ञावल्यांची संख्या ७०,००० हून अधिक होती. वापरणारे अधिक म्हणून लिहिणारे अधिक, आणि लिहिणारे अधिक म्हणून वापरणारे अधिक, असे हे चक्र. नव्या प्रतिस्पर्ध्याने कितीही उत्तम ऑपरेटिंग सिस्टिम निर्माण केली, तरी तिच्यासाठी लिहिलेले काही नसल्यामुळे तिला ग्राहक मिळणार नाही. ज्या भाषेत ग्रंथ नाहीत तिला वाचक नाहीत, आणि वाचक नाहीत म्हणून ग्रंथ नाहीत, या साहित्यव्यवहारातील अनुभवाहून हे वेगळे नाही. १९९४ च्या अखेरीस आलेला नेटस्केपचा ब्राउझर आणि सन कंपनीची जावा भाषा यांनी या चक्राला बगल देण्याची शक्यता निर्माण केली. आज्ञावली त्यांच्या आधारे लिहिली, तर खाली कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे याला महत्त्व उरत नव्हते. नेटस्केपपासूनचे भय महसुलाचे नव्हते. ते दुभाष्याचे भय होते.

ऑगस्ट १९९८ मध्ये चित्रमुद्रित झालेल्या जबानीत बिल गेट्स यांनी ‘चिंता वाटणे’ यासारख्या साध्या शब्दांच्या अर्थावरही प्रश्नकर्त्याशी वाद घातला. उलट कंपनीच्या अंतर्गत ई-पत्रांची भाषा कमालीची रोखठोक होती. या दोन शैलींतील अंतरानेच कंपनीची बाजू दुबळी केली, असे म्हणण्यास जागा आहे.

७ जून २००० रोजी कंपनीचे दोन भाग करण्याचा आदेश झाला. २८ जून २००१ रोजी अपील न्यायालयाने तो रद्द केला. न्यायाधीशांनी पत्रकारांशी खासगीत केलेली चर्चाही त्याला कारण झाली. मात्र मक्तेदारी टिकवण्यासाठी बेकायदा मार्ग अवलंबल्याचा निष्कर्ष मुख्यत्वे कायम राहिला. ब्राउझरची आणि इतर कार्यांची आज्ञावाक्ये एकमेकांत मिसळणे, हेही त्या मार्गांत गणले गेले. बांधून विकण्याचा मुद्दा नव्या निकषांवर तपासण्यासाठी खाली पाठवण्यात आला आणि त्याच वर्षी सरकारने तो सोडून दिला. ज्या शब्दापासून सारे सुरू झाले, त्याचा अंतिम निवाडा अशा रीतीने झालाच नाही. २००२ साली न्यायालयाने तडजोडीला मान्यता दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलला शोधसेवेतील मक्तेदार ठरवताना वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने याच २००१ च्या निर्णयाचा आधार घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र क्रोम ब्राउझर विकण्यास भाग पाडण्याची मागणी त्याने नाकारली.

युरोपीय आयोगाने २००४ साली ४९७ दशलक्ष युरोंचा दंड करून विग्रहाचा आदेश दिला. मीडिया प्लेयर वगळलेली विंडोज बाजारात आली. किंमत तीच असल्याने तिला ग्राहक जवळजवळ मिळालेच नाहीत.

या साऱ्या कायदेशीर भाषेत एका हानीला नाव नाही. सुमारे पावणेतीन लाख लोकसंख्येच्या आइसलँडने १९९८ च्या सुमारास विंडोज आपल्या भाषेत मिळावी, अशी मागणी लावून धरली. बाजार लहान म्हणून कंपनीने आधी ती मानली नव्हती, आणि मालकी हक्कामुळे दुसऱ्या कोणाला ते भाषांतर करून वितरित करता येत नव्हते. १९९९ च्या आरंभी कंपनी राजी झाली. स्पर्धाकायदा किंमत मोजतो, प्रतिस्पर्धी मोजतो. न झालेले भाषांतर तो मोजत नाही.

मराठीचा अनुभव मात्र याच्या उलट दिशेने जातो आणि सोपे निष्कर्ष काढू देत नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरीचे फॉन्ट विकणाऱ्या देशी कंपन्यांची संकेतने परस्परांहून भिन्न होती. एकाच्या फॉन्टमध्ये जुळवलेले हस्तलिखित दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उघडत असे. या लहान लहान मक्तेदाऱ्यांतून सुटण्याची वाट विंडोज २००० ने मोकळी केली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता. बलाढ्य मक्तेदाराने येथे लिपीची कोंडी फोडली, हे नाकारता येणार नाही. अक्षर मुक्त झाले तरी दस्तऐवजाचा साचा मात्र कंपनीचाच राहिला. कंपनीच्या नव्या साच्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा देण्याच्या प्रस्तावावर भारतीय मानक ब्यूरोने २००७ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये विरोधी मत दिले. प्रस्ताव एप्रिल २००८ मध्ये संमत झाला. त्याआधी दोन महिने, फेब्रुवारी २००८ मध्ये, कंपनीने जुन्या वर्ड फाइलींच्या रचनेचे तपशील सर्वांसाठी प्रसिद्ध केले होते. त्या वेळेपर्यंत जगभरच्या लेखकांच्या एका पिढीची हस्तलिखिते त्याच साच्यात लिहून झाली होती.