डोहाळजेवणाच्या दिवशी ठरवायच्या गोष्टी

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागतं. दिवाळीच्या सुमारास या पट्ट्यात कापसाची वेचणी जोरात असते आणि पहिलटकरीण लेकी बाळंतपणाला माहेरी आलेल्या असतात. घरोघरी डिंक, खारीक, अळीव जमवले जातात, जुनी मऊ लुगडी धुऊन दुपट्यांसाठी ठेवली जातात. ही तयारी मायेची आहे, गरजेचीही आहे. पण ती सगळी बाळंतपणानंतरची. रात्री कळा सुरू झाल्या तर गाडी कोणाची, सोबत कोण, दवाखान्यात न्यायचं हे ठरवणार कोण, हे मात्र ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणून सोडून दिलेलं असतं.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ साली मातामृत्यूंमागचे तीन उशीर मांडले: निर्णयाला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचाराला उशीर. त्यातला पहिला घरातच होतो. माहेरी आलेल्या लेकीच्या बाबतीत तो आणखी लांबतो, कारण वडील जावयाला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत आणि जावई फोन उचलेपर्यंत तास जातो. माझं आग्रहाचं म्हणणं आहे की डोहाळजेवणाला दोन्ही घरं एकत्र जमतात, तेव्हाच हे बोलून घ्यावं. गरज पडली तर सिझेरियनला दोन्हीकडून होकार आहे, हे त्याच दिवशी स्पष्ट व्हावं. रक्तगट जुळणारे दोघंतिघं नातलगही हेरून ठेवावेत.

नाव बाराव्या आठवड्याच्या आत सासरच्या गावी नोंदवलेलं असतं. माहेरी येताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आणून इथल्या आशाताईंना लगेच दाखवावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सरळ बाळंतपण होतं. सिझेरियन किंवा रक्त लागलं तर परभणीच गाठावी लागते. म्हणून आधीचं सिझेरियन, जुळं, आडवं बाळ, वाढलेला रक्तदाब किंवा सातच्या खाली गेलेलं हिमोग्लोबिन असेल, तर बाळंतपण परभणीला करायचं हे आधीच ठरवावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ती चुकवू नये.

रक्त कमी असणं हे आपल्याकडचं जुनं दुखणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या जवळपास ४६ गरोदर बायांना रक्तक्षय आढळला. लोहाच्या लाल गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात. शौच काळं होतं, मळमळतं म्हणून त्या बंद केल्या जातात. ‘बाळ मोठं होईल, अडेल’ अशी भीतीही घातली जाते. काळं शौच निरुपद्रवी असतं. गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं तरी सुदृढ बाई ते सोसते. आधीच रक्त कमी असलेली तेवढ्यानेच कोसळू शकते.

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांतही गरोदर बाया असतात. त्यांनी कार्ड आणि हंगामभर पुरतील एवढ्या गोळ्या सोबत न्याव्यात, पोचल्यावर तिथल्या आशाताईंना गाठावं.

अंगावरून रक्त जाणं, कळांआधीच पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, आकडी, बाळाची हालचाल मंदावणं: यातलं काहीही दिसलं की उजाडायची वाट पाहू नये. १०२ किंवा १०८ ला फोन करावा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून, सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, नेणं-आणणं सगळं मोफत आहे.

बाळ बाहेर येताच दवाखान्यात गर्भाशय आवळणारं इंजेक्शन देतात, त्यामुळे रक्तस्राव आटोक्यात राहतो. तरीही पहिले ४८ तास तिथंच थांबावं. शेतातली कामं खोळंबली म्हणून बाळंतिणीला घाईनं घरी आणू नये. तासाभरात बाळाला चीक पाजावा. मध, गुळाचं पाणी चाटवू नये, नाळेला हळद-तेल लावू नये. घरी शेगडी पेटवायचीच तर खोलीचं दार-खिडकी उघडी ठेवावी. पुढे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळ बघायला येतात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून सिद्ध झाली आणि मग देशभर गेली. सटवाईची पूजा, बारसं सारं करावं. आशाताई येतील त्या दिवशी मात्र आई आणि बाळ दोघंही त्यांना नीट पाहू द्यावीत.