शेजाऱ्याला हरवावे, लोटू नये

दख्खनच्या इतिहासावर दिवाळी अंकात लिहायचं म्हटलं की संपादकांना घोडदौड हवी असते. मी मात्र वर्षानुवर्षं एकच रडगाणं गातो आहे आणि पुंडलिकनगरातल्या आमच्या कट्ट्यावरची मंडळी ते ऐकून कंटाळलीही आहेत. दख्खनची राज्यं तलवार कमी पडली म्हणून बुडाली नाहीत. शेजारी परक्याच्या दारी गेला म्हणून बुडाली.

सुरुवात देवगिरीपासूनच करावी लागते. १२९६ मध्ये अल्लाउद्दीनाने रामचंद्र यादवाला लुटलं. पुढे त्याचा सेनापती मलिक काफूर होयसळांच्या द्वारसमुद्रावर निघाला, तेव्हा त्यांच्याशी जुनं वैर असलेल्या याच रामचंद्राने त्याला वाट आणि मदत दिली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत यादवांचं राज्य संपलं. बहमनींच्या दख्खनी आणि परदेशी (आफाकी) सरदारांच्या भांडणांत मला कधीच रस वाटला नाही. १५६५ मध्ये विजयनगर पाडायला एकत्र आलेल्या सुलतानांची मैत्रीही फार टिकली नाही, एवढं सांगून पुढे जातो.

कारण पुढे मलिक अंबर आहे.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. तेव्हा निजामशाहीचा सरदार असलेल्या अंबरपाशी ना राजधानी होती, ना खजिना. त्याने परांड्याला दुसऱ्या मुर्तजाला निजामशाहीच्या गादीवर बसवलं. उत्तरेला मोगल, दक्षिणेला आदिलशाही, पूर्वेला कुतुबशाही आणि घरात राजू दख्खनीसारखा प्रतिस्पर्धी. आमचे काही विद्वान मित्र अंबर म्हटलं की बारगिरांच्या छाप्यांवर व्याख्यानं झोडतात. छापे होतेच. पण छापे घालणाऱ्याला पाठ टेकायला जागा लागते आणि ती त्याने विजापुराकडून मिळवली. इब्राहिम आदिलशहाने त्याला कंधारचा किल्ला दिला. मुलगा फत्तेखान याचं लग्न अंबरने विजापूरच्या याकूतखानाच्या मुलीशी लावून दिलं. १६१० मध्ये अहमदनगर परत आलं आणि त्याच सुमारास खडकी वसली. तेच आपलं आजचं छत्रपती संभाजीनगर. भडकल दरवाजा मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून सगळे दाखवतात. त्यामागे विजापूरचा हातभार होता, हे कुणी सांगत नाही.

विजापूर दुरावलं तेव्हा काय झालं, तेही पाहा. १६२३ च्या सुमारास अंबर आणि आदिलशहा दोघेही मोगलांची मैत्री मागत होते. मोगल सेनापती महाबतखानाने विजापूर निवडलं. अंबरचा डाव पाहा : शाहजहान बापाविरुद्ध बंड करून मदत मागायला आला, तेव्हा अंबरने आधी हात आखडला. कुतुबशहाशी तह करून एक बाजू बंद केली, मग बिदर लुटून थेट विजापूरला वेढा घातला. १६२४ मध्ये भातवडीला तलावाचं पाणी सोडून मोगल आणि आदिलशाहीच्या एकत्र फौजेला त्याने चिखलात रुतवलं. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी पडला. इकडून शरीफजी भोसले कामी आले. त्यानंतरच त्याने शाहजहानला जवळ केलं आणि बऱ्हाणपूरला वेढा दिला.

इथवर सगळे टाळ्या वाजवतात. माझा आक्षेप यापुढचा. अंबरने इब्राहिमचं लाडकं नौरसपूर उद्ध्वस्त केलं आणि विजापूरला परतायची वाट ठेवली नाही. १६२६ मध्ये तो वारला आणि १६३३ मध्ये दौलताबाद पडलं. शहाजीराजांनी एका मुलाला गादीवर बसवून झुंज चालू ठेवली, पण १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशहा यांनी निजामशाही आपसांत वाटून घेतली. आदिलशहाला तरी काय मिळालं? १६८६ मध्ये विजापूर गेलं, पाठोपाठ १६८७ मध्ये गोवळकोंडा.

हरवलेल्या शेजाऱ्याला परक्याच्या दारी लोटू नये, हा धडा मराठ्यांनी एकदा गिरवला, एकदा ते तो विसरले. १७२८ मध्ये वैजापूरजवळच्या पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडीत धरलं, पण मुंगी-शेवगावच्या तहात चौथाई-सरदेशमुखीवर आणि शाहूंच्या मान्यतेवर भागवलं. निजामाचं राज्य आणि अब्रू दोन्ही राहिली. १७९५ मध्ये खर्ड्याला मात्र निजामाकडून दौलताबाद, कोट्यवधींची खंडणी आणि वर दिवाण ओलीस! इंग्रजांनी तेव्हा निजामाला मदत नाकारली होती. तरी १७९८ मध्ये तो तैनाती फौज घेऊन त्यांच्याच पदरात गेला. १८०२ मध्ये होळकरांनी पुण्यातून पिटाळलेला दुसरा बाजीराव वसईला इंग्रजांकडे गेला. उरलेली कथा शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे.

आज दूरदर्शनवर शेजारी देशांना धडा शिकवण्याच्या गप्पा रोज रात्री ऐकतो. माजी सेनाधिकारी, माजी राजदूत, सगळे एका सुरात. पूर्वी व्याख्यानमालेत तहाची कलमं वाचून दाखवली तरी लोक बसून राहत. आता नकाशावर बाण धावला नाही तर चॅनल बदलतात. पण शेजारी अडला की काय होतं, ते पाहा : २०१५ मध्ये नेपाळच्या सीमेवर माल अडला. ती नाकेबंदी आपण केलेली नाही, असं दिल्लीने सांगितलं. पण काठमांडूने मार्च २०१६ मध्ये बीजिंगशी वाहतुकीचा करार केला. श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेलं, त्याची कारणं वेगळी, कर्जाची. पण शेजारी अडला की कुणाच्या दारी जातो, हे तिथेही दिसलंच.

पाकिस्तान आणि चीन यांच्याशी गोडीगुलाबीने सगळं मिटेल, असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. अंबरही लढलाच. पण समोरच्याला किती हरवायचं, हे लढाईच्या आधी ठरवावं लागतं. म्हणून विजयाचं वर्णन करणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाला माझं एकच विचारणं असतं : लढाई राहू द्या, तहात काय लिहिलंत ते सांगा.