सूर्य मावळल्यावरची वीज

आमच्या प्रशालेत वक्तृत्वस्पर्धा झाली की एक वाक्य हटकून कानी पडते : ‘आपल्या देशावर सूर्यनारायणाची एवढी कृपा असताना आपण अजून कोळसा का जाळतो?’ टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. प्रश्न पोकळ नाही. परंतु त्याचे उत्तर टाळ्यांच्या गजरात देता येण्यासारखे नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्रात आमचा अधिकार नाही. तथापि या विषयावर वाचताना जे उमगले, ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवावे असे वाटले.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, सूर्यापासून वीज निर्माण करणे आता दुष्कर राहिलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये भारतातील सौरविजेची स्थापित क्षमता एक लाख मेगावॉटच्या पलीकडे गेली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात सौर, पवन, जल व अणू या सर्वांची मिळून क्षमता देशाच्या एकूण क्षमतेच्या निम्मी झाली. हे उद्दिष्ट वास्तविक २०३० सालासाठी ठेवलेले होते. मग कोळसा संपला काय? मुळीच नाही. २०२४-२५ या वर्षात निर्माण झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. हे कोडे शाळेतल्या मुलांना तरी कठीण वाटू नये. पटावरची संख्या वेगळी आणि वर्गातली हजेरी वेगळी! शंभर मेगावॉटचे सौरकेंद्र रात्री हजर नसते, ढगाळ दिवशी अर्धेमुर्धे असते; वर्षाची सरासरी काढली तर वीस मेगावॉटच्या आसपास भरते.

पण खरी अडचण सरासरीची नसून क्षणाची आहे. तारेतून वाहणारी वीज तारेत साठून राहत नाही. आपण बटण दाबतो त्याच क्षणी कोठेतरी एखाद्या जनित्राला तेवढे अधिक काम करावे लागते. देशाच्या वीजजाळ्यातील, म्हणजे ग्रीडमधील, सगळी मोठी जनित्रे एका तालात फिरतात आणि प्रवाहाची सेकंदाला पन्नास आवर्तने राखतात. हा ताल ४९.९० ते ५०.०५ एवढ्या अरुंद पट्ट्यात ठेवावा लागतो. आमच्या कोंकणीत जात्याला ‘दांतें’ म्हणतात. ज्यांच्या घरी ते अजून असेल त्यांनी फिरवून पाहावे. मूठभर दाणे अधिक पडले की हाताला ओढ लागते आणि जोर वाढविला नाही तर गती मंदावते. दाणे संपले की तेच जाते हलके होऊन भरकन फिरू लागते. वीजजाळ्याचे नेमके असेच आहे. मागणी वाढली आणि निर्मिती वाढली नाही तर ताल उतरतो. मागणी एकाएकी घटली तर तो चढतो. दोन्हीही प्रमाणाबाहेर गेले म्हणजे यंत्रे स्वतःच्या रक्षणासाठी आपण होऊन जाळ्यातून बाजूला होतात आणि मग एकामागून एक प्रांत अंधारात जातात.

याची मोठी परीक्षा ५ एप्रिल २०२० च्या रात्री झाली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत पंतप्रधानांनी देशवासीयांना रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातील दिवे मालवून पणत्या लावण्याचे आवाहन केले होते. लोकांना तो एक भावपूर्ण प्रसंग वाटला. वीजजाळे सांभाळणाऱ्या अभियंत्यांच्या पोटात मात्र गोळा आला असेल. मागणी बारा ते चौदा हजार मेगावॉटने उतरेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे १,१७,००० मेगावॉटवरून ८५,००० मेगावॉटपर्यंत खाली आली, आणि नऊ मिनिटे संपताच पुन्हा चढू लागली. हा खड्डा कोणी भरून काढला? मुख्यतः पाण्याने. देशभरातील जलविद्युत् केंद्रांनी काही मिनिटांत सतरा हजार मेगावॉटहून अधिक निर्मिती आवरली आणि तितक्याच चपळाईने पुन्हा वाढविली. कोळशाच्या भट्टीला हे साधत नाही. तिला थंड होऊ दिले तर पुन्हा तापायला कित्येक तास लागतात, म्हणून नको असतानाही ती अर्ध्यामुर्ध्या धगीवर चालू ठेवावी लागते.

त्या नऊ मिनिटांतील चढउतार आपण हौसेने घडविला होता. सूर्य तोच खेळ दररोज खेळतो. सकाळी सौरवीज भराभरा वाढते, दुपारी ओसंडून वाहते आणि सायंकाळी, नेमके घरोघर दिवे, पंखे, शेगड्या सुरू होण्याच्या वेळी, नाहीशी होते. ३० मे २०२४ रोजी देशाच्या मागणीने अडीच लाख मेगावॉटचा उच्चांक गाठला, तेव्हा उन्हाळ्याचा दिवस होता आणि सूर्य मदतीला उभा होता. चिंता असते ती दिवेलागणीची. वाऱ्याची वीज काही हातभार लावते. पण आपल्याकडे वारा मुख्यतः पावसाळ्याच्या चार महिन्यांत जोर धरतो. तो मागणीचे वेळापत्रक पाहून वाहत नाही.

यात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. जात्याची तळी जड असल्यामुळे हात क्षणभर सुटला तरी ते लगेच थांबत नाही. वीजकेंद्रांतील शेकडो टनांची फिरती चक्रेही अपघाताच्या प्रसंगी आपल्या जडत्वाने काही सेकंद ताल धरून ठेवतात आणि तेवढ्यात बाकीची यंत्रणा सावरते. सौरफलकात फिरणारे असे काहीच नाही. जडत्वाचे काम इलेक्ट्रॉनिक उपकरणांकडून करून घेण्याची विद्या विकसित होत आहे. पण ती सर्वत्र रुळेपर्यंत जुनी चक्रे एकदम मोडीत काढणे शहाणपणाचे नव्हे.

जाळे जितके मोठे तितके ते स्थिर, हे खरे. कच्छ आणि अरुणाचल यांच्या सूर्यास्तात जवळजवळ दोन तासांचे अंतर आहे. पूर्वेकडे अंधार पडला तरी पश्चिमेचे ऊन कामी येऊ शकते. पण मोठ्या जाळ्यातील एक गाठ सुटली तर धक्काही मोठा बसतो. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे अतिभाराने बिना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडली आणि सारा उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळली. साठ कोटींहून अधिक लोकांना त्याची झळ लागली. त्यात सौरविजेचा काहीही दोष नव्हता. एवढे होऊनही जाळी वेगळी न करता अधिक जोडण्याचाच निर्णय योग्य ठरला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारत उर्वरित देशाच्या तालात आला.

आता वाहिन्यांचा प्रश्न. कोळशाचे केंद्र खाणीजवळ नेता येते, क्वचित शहराजवळ आणता येते. ऊन मात्र जेथे आहे तेथेच जावे लागते. राजस्थानातील भडला, कच्छमधील खावडा ही विस्तीर्ण सौरक्षेत्रे मोठ्या शहरांपासून शेकडो कोस दूर आहेत. सौरफलक एकदीड वर्षात उभे राहतात, उच्चदाब वाहिनीला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. परिणामी राजस्थानात तयार होऊ शकणारी वीज वाहिनीअभावी बंद ठेवण्याची पाळी २०२५ मध्येही आली. शिवाय त्याच माळरानांवर माळढोक राहतो. हा जड पक्षी समोरचे नीट पाहू शकत नाही आणि तारांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तेथील तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. हे सर्वत्र शक्य नाही असे दिसून आल्यावर २०२४ मध्ये तो बदलून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविला.

आम्हां गोवेकरांनी हे वाचून परक्याची गोष्ट म्हणून पान उलटू नये. गोव्यात मोठे वीजकेंद्र नाही. आमच्या घरातला दिवा छत्तीसगडमधील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल अशा केंद्रांच्या कोळशावर जळतो. धूर तिकडे, उजेड इकडे. धारवाडजवळील नरेंद्रहून शेल्ड्यापर्यंत नवी ४०० किलोव्होल्टची वाहिनी मोल्याच्या अभयारण्यातून नेण्याचे ठरले, तेव्हा २०२० पासून गोव्यात मोठी चळवळ झाली. नव्याने रान न तोडता जुन्या वाहिनीच्याच वाटेने जावे, असे न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये सुचविले आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले. आम्हांस हा मार्ग योग्य वाटला. परंतु राजस्थानचे ऊन उद्या गोव्यात आणावयाचे तरी ते तारांवरूनच येणार, हेही चळवळीतल्या तरुणांनी मनात ठेवावे. घराच्या छपरावर आणि शाळेच्या गच्चीवर निर्माण केलेल्या विजेला एवढा प्रवास करावा लागत नाही. म्हणून आपल्या चिमुकल्या प्रदेशाने आधी तिकडे वळावे, असे आमचे मत आहे.

राहिला दिवेलागणीचा प्रश्न. लिथियमच्या बॅटऱ्या स्वस्त होत आहेत, त्या काही तासांची सोय करतील. दुसरा उपाय जुना आहे. सह्याद्रीत घाटघर येथे २००८ पासून एक २५० मेगावॉटचे केंद्र आहे. स्वस्त विजेच्या वेळी तेथे खालच्या तळ्यातील पाणी वरच्या तळ्यात चढवितात आणि गरजेच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. चार युनिटे खर्चावी तेव्हा तीन हाती येतात. तोट्याचा व्यवहार दिसतो खरा. पण दुपारचे चार रुपये सायंकाळच्या तीन रुपयांहून हलके असतात, हे बाजारात उभा राहणारा कोणीही सांगेल.

आणि कोयना आहे. १९६२ मध्ये तेथे वीज सुरू झाली. आज तिची क्षमता १,९६० मेगावॉट आहे आणि काही मिनिटांत ती कामाला लागू शकते. दुपारी सूर्याला राबवावे आणि कोयनेने संध्याकाळपर्यंत थांबावे, हे देशाच्या हिताचे आहे. पण हे पाणी अमर्याद नाही. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे साडेसदुसष्ट अब्ज घनफूट, अशी मर्यादा घातली. त्या जलाशयाखाली ज्यांची गावे गेली त्या धरणग्रस्तांच्या मागण्या पुढच्या पिढ्यांपर्यंत चालत आल्या. घाटघरचे पाणी पुन्हा वर चढते. कोयनेचे पाणी चक्रे फिरवून एकदा वाशिष्ठीत उतरले की दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते.