अॅप खऱ्या फोनवर चालवण्यासाठी

अँड्रॉइड स्टुडिओत एम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चालणारा आभासी फोन, आयता मिळतो. तरीही अॅप इतरांना देण्याआधी खऱ्या फोनवर चालवून पाहावंच. अंगठा बटणापर्यंत पोचतो का, उन्हात अक्षरं दिसतात का, जुन्या फोनवर यादी अडखळते का, हे हातातल्या फोनवरच कळतं.

सुरुवात फोनच्या सेटिंग्जमधून करा. ‘फोनबद्दल’मध्ये ‘बिल्ड नंबर’ शोधा. सॅमसंगच्या फोनमध्ये तो ‘सॉफ्टवेअर माहिती’त असतो. त्यावर सात वेळा टॅप केलं, की ‘डेव्हलपर पर्याय’ ही यादी खुली होते. अँड्रॉइड ४.२ पासून, म्हणजे २०१२ पासून, ती मुद्दाम लपवलेली आहे. तिथे चुकून हात लागला तर फोनचं वागणं बदलू शकतं.

या यादीतलं ‘यूएसबी डीबगिंग’ तेवढं चालू करा. डीबगिंग म्हणजे अॅपमधले दोष शोधून काढणं. त्यासाठी संगणकाला फोनशी थेट बोलण्याची मुभा आपण इथे देतो. बाकीच्या पर्यायांना सध्या हात लावू नका.

आता केबल जोडा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. स्वस्त चार्जरसोबतच्या काही केबलींमध्ये फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. फोन चार्ज होतो, त्यामुळे केबलचा संशयच येत नाही आणि माणूस तासभर सेटिंग्ज उलटसुलट करत बसतो. म्हणून आधी केबल बदलून पाहा. त्याच केबलने फोनमधले फोटो संगणकावर उघडता आले, तर ती ठीक आहे.

केबल ठीक असेल, तर फोनवर परवानगी मागणारी चौकट येते. फोन लॉक असेल तर ती दिसत नाही, तेव्हा आधी अनलॉक करा. संगणक आपला असेल तर ‘नेहमी परवानगी द्या’वर खूण करून होकार द्या.

मग संगणकाच्या टर्मिनलमध्ये एडीबीची ‘डिव्हायसेस’ ही आज्ञा चालवा. एडीबी म्हणजे संगणक आणि फोन यांच्यातला दुभाष्या. यादीत आपल्या फोनच्या सीरियल क्रमांकापुढे ‘डिव्हाइस’ आलं, तर काम झालं. ‘अनऑथोराइज्ड’ आलं, तर ती चौकट उत्तराविना राहिली आहे. केबल काढून पुन्हा लावा. चौकट तरीही येत नसेल, तर डेव्हलपर पर्यायांतून डीबगिंगच्या जुन्या परवानग्या रद्द करून पुन्हा जोडा. यादी रिकामीच असेल आणि संगणक विंडोजचा असेल, तर फोनच्या कंपनीचा यूएसबी ड्रायव्हर टाकावा लागेल. मॅकवर त्याची गरज नसते.

शाओमीच्या बऱ्याच फोनवर ‘यूएसबीवरून इन्स्टॉल’ हा वेगळा पर्यायही चालू करावा लागतो. तो बंद असेल, तर सगळं जुळूनही अॅप उतरत नाही. तेच अॅप आधी प्ले स्टोअरवरून घेतलेलं असेल, तर सही जुळत नाही म्हणून नवं नाकारलं जातं. अशा वेळी जुनं काढावं लागतं आणि त्यातली माहितीही जाते. आधी प्रत काढून ठेवा.

अँड्रॉइड ११ पासून केबल न लावता वायफायवरूनही जोडणी करता येते. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर हवीत.

अॅप चालू लागलं, की फोनचा फॉन्ट सर्वांत मोठा करून मराठी मजकूर वाचा. ‘मूर्ती’तला रफार, ‘हिंदू’वरचा अनुस्वार ओळीच्या उंचीत कापला जातोय का, ते तिथे लगेच दिसतं.

काम संपल्यावर डीबगिंग बंद करा. ते चालू असताना काही बँकांची अॅप उघडत नाहीत.