काडतुसाच्या पुंगळीचा साचा



'थ्री-नॉट-थ्री' ही बंदूक आपणांपैकीं बहुतेकांनीं पोलिसाच्या खांद्यावर पाहिली असेल. तिचा बार काढला म्हणजे गोळी निघून जाते, दारू जळते, टोपी निकामी होते. मागें राहते ती पितळेची रिकामी पुंगळी. काडतुसांतील सर्वांत महाग भाग बहुधा हाच असतो. म्हणून अमेरिकेंतील हौशी नेमबाज ती टाकून देत नाहींत. घरीं नेऊन, साच्यांत दाबून ती पुन्हां आकारावर आणतात आणि नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी घालून वापरतात. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वयें परवान्यावांचून काडतूस बनवितां येत नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों. कोणास त्या उद्योगास लावण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु हा साचा कोणता घ्यावा या प्रश्नांत पितळेचा स्वभाव जितका उघड होतो, तितका माझ्या हस्तव्यवसायाच्या तासालाही कधीं झाला नव्हता.

माझे जांवई ओहायो संस्थानांत राहतात. त्यांच्याजवळ एक जुनी ली-एनफील्ड, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्रीच, आहे. मी तेथें गेलों असतां एके दिवशीं मैदानावर बार झाला, त्यांनीं खटका मागें ओढला, तों पुंगळीचें बूड तेवढें बाहेर आलें. उरलेली नळी बंदुकींतच अडकून बसली. डोळ्यांस चष्मा होता आणि धूर मागें फारसा आला नाहीं, म्हणून निभावलें. ''पितळ हलकें निघालें, बाबा,'' असें ते म्हणाले. माझें मत निराळें पडलें. ती पुंगळी चौथ्यांदा भरलेली होती, व साचा दुकानदारानें दिला तो त्यांनीं तसाच घेतला होता.

आतां असें पाहा. पुंगळीची आकृति लहानशा शिशीसारखी असते. खालीं बूड, मग अंग, मग खांदा, आणि वर गोळी धरून ठेवणारा गळा. बंदुकीच्या ज्या पोकळींत ती बसते तिला चेंबर म्हणतात. बार होतांच आंतील दाबानें पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतें व धूर मागें येऊं देत नाहीं. दाब उतरला कीं तें किंचित् आकसतें, म्हणून पुंगळी बाहेर निघूं शकते. परंतु पूर्वीइतकी बारीक ती होत नाहीं. ज्या बंदुकींत उडाली तिच्या चेंबरचें माप अंगावर घेऊनच ती बाहेर पडते.

साच्याचे मुख्य प्रकार दोन. एक पुंगळीचें अंग, खांदा व गळा, सर्वच दाबून बारीक करतो. दुसरा फक्त गळा दाबतो. पहिल्यानें दाबलेली पुंगळी त्या जातीच्या कोणत्याही बंदुकींत जाते. दुसऱ्यानें दाबलेली, जिच्यांत उडाली त्याच बंदुकींत बिनचूक बसते. नवशिका मनुष्य अर्थातच म्हणेल, सर्व बाजूंनीं नीट करणारा तोच उत्तम. थ्री-नॉट-थ्रीच्या बाबतींत येथेंच घात होतो.

या काडतुसाच्या बुडाला बाहेर निघालेला कांठ आहे. इंग्रज सरकारनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तें स्वीकारलें तेव्हां बंदुकींत त्याची जागा या कांठावर ठरविली. खांद्याला पुढें टेकण्याची गरज ठेविली नाहीं. चिखलमातींतही काडतूस अडूं नये म्हणून चेंबरही सैल ठेवलें. लष्कराला पुंगळी एकदांच वापरावयाची, त्यामुळें त्यास तें चाललें. पण पहिल्याच बाराला खांदा पुढें सरकतो. घरीं आणून पुरत्या साच्यानें तो मागें ढकलला, कीं पुढच्या बाराला तो पुन्हां पुढें धांवतो. हें वाढीव पितळ येतें कोठून? बुडाच्या किंचित् वरच्या भागांतून. तेथें आंतून खांच पडत जाते, भिंत पातळ होते, आणि एके दिवशीं नळी बुडापासून सुटते. बाहेरून फार तर एक चकचकीत कडें दिसतें. टोंक वांकविलेली बारीक तार आंत घालून भिंतीवरून ओढली तर ती खांचेंत अडकते. ही परीक्षा मात्र नेत्रांहून विश्वासू.

तेव्हां अशा बंदुकीला गळ्याचा साचा बरा, किंवा पुरता साचा घेतला तरी तो दाबयंत्रांत थोडा वर उचलून असा बसवावा कीं खांदा जेमतेम हलेल. कांठावर न बसतां खांद्यावर टेकणाऱ्या अमेरिकी काडतुसांना, उदाहरणार्थ १९०६ सालच्या 'थर्टी-ऑट-सिक्स'ला, हात-खटक्याच्या बंदुकींत खांदा एक-दोन सहस्रांश इंच मागें नेला तरी पुरें होतें. आपला केस सुमारें तीन सहस्रांश जाड असतो, यावरून कल्पना यावी. आपोआप भरणाऱ्या बंदुकीचें तसें नव्हे. तिच्यांत काडतूस हातानें दाबून बसवितां येत नाहीं, म्हणून पुरता साचाच हवा व खांदाही थोडा अधिक मागें हवा. हात-खटक्याच्या बंदुकींतही केवळ गळा दाबून कायमचें भागत नाहीं. कांहीं बारांनंतर अंग इतकें ताठ बसूं लागतें कीं खटका मिटतां मिटत नाहीं. म्हणून आज स्पर्धेंत उतरणारे पुष्कळ नेमबाज पुरता साचा अगदीं बेताचा बसवून वापरतात.

गळ्याची गोष्ट याहून नाजूक आहे. स्वस्त साचा गळा जरुरीहून फार आवळतो, आणि पुंगळी बाहेर ओढतांना आंतील एक गोळा तो पुन्हां रुंद करतो. पितळेला एकाच कामासाठीं दोनदां छळलें जातें, व कधीं गळा तिरकाही होतो. यावर उपाय म्हणजे बदलत्या कड्यांचा साचा. भरलेल्या काडतुसाचा गळा मापावा. समजा तो ०.३३६ इंच भरला, तर ०.३३४ चें कडें बसवावें. किंमत अधिक पडते, परंतु पैसे खर्चावयाचे तर मी येथें खर्चीन. टंगस्टन कार्बाइडच्या साच्याला तेल लागत नाहीं असें ऐकून कित्येक तो घेतात. तें खरें आहे पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांपुरतें. शिशीच्या घाटाची पुंगळी कोरडी घातली तर कोणत्याही साच्यांत ती अशी रुतते कीं दाबयंत्राच्या दांडीला लोंबकळलें तरी निघत नाहीं.

पितळ छळलें जातें म्हणजे काय, हें पुण्याच्या तांबट आळींत विचारावें. भांडें ठोकतां ठोकतां धातु कडक होतो, आणि मध्यंतरीं भट्टींत ताव दिला नाहीं तर तो तडकतो. सोनारही जंत्रींतून तार ओढतांना ती वारंवार तापवितो. पुंगळीचेंही तेंच, कांहीं फेऱ्यांनंतर तिचा गळा तापवून मऊ करावा लागतो. मात्र बूड तापवूं नये, तें कडकच राहिलें पाहिजे.

या गोष्टीशीं आपल्या देशाचाही संबंध आहे. खडकीस दारुगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे, व इंग्रजी फौजेचीं काडतुसें येथें जागोजाग सांठविलेलीं असत. पावसाळ्यांत तबेल्यांजवळ ठेवलेल्या पुंगळ्या, कोणीं हात न लावतां, आपोआप तडकत. ओढून-दाबून कडक झालेल्या पितळेंत ताण शिल्लक असतो. घोड्यांच्या मुतांतून सुटणारा अमोनिया व दमट हवा त्यावर काम करीत. १९२१ मध्यें मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तिघांनीं हा उलगडा केला. अमोनिया घातलेल्या पॉलिशनें पुंगळ्या घासूं नयेत, असें जाणते नेमबाज आजही सांगतात तें याचमुळें.

साचा घेण्यापूर्वीं पुंगळीच्या बुडांत डोकावणेंही अवश्य असतें. टोपीच्या खालीं मधोमध एक भोंक असेल तर साच्यांतील सुई जुनी टोपी ढकलून देते. दोन लहान भोंकें असतील तर सुई मोडते. एका भोंकाची पद्धत बॉक्सर या इंग्रजाची, दोन भोंकांची बर्डन या अमेरिकनाची, दोन्ही १८६६ च्या सुमाराच्या. गंमत अशी कीं अमेरिकेनें इंग्रजाची पद्धत उचलली, आणि जुन्या इंग्रजी लष्करी थ्री-नॉट-थ्रींत पुष्कळदां अमेरिकनाची आढळते.

त्या दिवशीं संध्याकाळीं जांवयांनीं उरलेल्या एकोणीस पुंगळ्या मेजावर मांडल्या. मीं सायकलच्या चाकाची एक तार घांसून तिचें टोंक वांकविलें, व एकेकींत घालून पाहिलें. अकरांत ती अडकली. त्या अकरा आम्हीं हातोडीनें चेपून मोडींत टाकल्या, आणि बाकीच्या आठांसाठीं साचा पाव फेरा वर घेतला.