बोट परदेशी, प्रवासी देशी

फ्रान्समध्ये बांधलेली शिडाची बोट अमेरिकेत विकत घ्यावी, घरच्यांना घेऊन खुशाल फिरावं; कुणी अडवत नाही. त्याच बोटीवर पैसे घेऊन चार पर्यटकांना मायामीजवळच्या बिस्केन उपसागरात फिरवलं, तर मात्र कायदा आडवा येतो.

1886 चा कायदा

या कायद्याचं नाव पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट. देशांतर्गत किनारी प्रवासी वाहतूक अमेरिकी मालकीच्या, अमेरिकेत बांधलेल्या बोटींनीच करायची, असा हा दंडक. (सगळे नाव घेतात तो 1920 चा जोन्स अ‍ॅक्ट मालवाहतुकीसाठी आहे.) बोट कुठली, हे सांगाडा आणि वरचं बांधकाम कुठे झालं यावरून ठरतं. इंजिन जपानी असलं तरी चालतं! यावरून ध्यानात येतं, की इथे सुरक्षेपेक्षा गोद्यांच्या धंद्याची काळजी जास्त आहे.

सूट कशी मिळते?

पूर्वी परदेशात बांधलेल्या एकेका बोटीसाठी थेट अमेरिकी काँग्रेसमध्ये विधेयक आणावं लागे. आज हे हास्यास्पद वाटतं. 1998 च्या कायद्याने सूट देण्याचा अधिकार मेरिटाइम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनकडे, म्हणजे ‘मॅराड’कडे आला.

बोट किमान 3 वर्षं जुनी हवी, प्रवासी 12 पेक्षा जास्त नकोत. कुठे बांधली हेच ठाऊक नसलेल्या बोटीलाही अर्ज करता येतो. मालवाहतूक, व्यावसायिक मासेमारी किंवा दुसरी बोट ओढून नेणं या सवलतीत बसत नाही. मालक मात्र अमेरिकी नागरिकच लागतो.

अर्ज आला की फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात सूचना छापून लोकांची मतं मागवतात. अमेरिकी बोट बांधणाऱ्यांचं किंवा तशा बोटी चालवणाऱ्यांचं नुकसान होईल असं दिसलं, तर नकार. थोडक्यात, तुमची बोट कितीही उत्तम असो, निर्णय शेजारच्या धंद्यावर ठरतो.

तटरक्षक दल वेगळं

मॅराडची सूट म्हणजे सुरक्षेचा दाखला नव्हे. सहापेक्षा जास्त प्रवासी न्यायचे, तर तटरक्षक दलाकडून तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. परदेशी धाटणीच्या जुन्या बोटीला ते सोपं नसतं. म्हणून कागदोपत्री 12 जणांची सूट हाती असूनही सहाच प्रवासी न्यावे लागू शकतात. कप्तानाचा परवाना आणखी वेगळा.

घेण्याआधी

कंपनीच्या नावावर जाऊ नका. बेनेटो ही फ्रेंच कंपनी, पण तिच्या अनेक बोटी साउथ कॅरोलिनातल्या मॅरियनमध्ये बांधल्या गेल्या. चार्टरचा धंदा करायचा असेल, तर इसार देण्याआधी बोट बांधणाऱ्याचा दाखला मागून घ्या.