कॅलिफोर्नियाच्या आखातातील शीडनौकाविहार

कॅलिफोर्नियाच्या आखातातील शीडनौकाविहार म्हणजे मेक्सिकोच्या वायव्य भागातील उष्ण, वाळवंटी किनाऱ्यालगत शिडाच्या नौकेतून केलेला अनेक दिवसांचा प्रवास होय. दिवसा काही सागरी मैल जायचे, सायंकाळी एखाद्या निवाऱ्याच्या खाडीत नांगर टाकायचा आणि रात्र नौकेवरच काढायची, अशी त्याची साधारण रीत आहे. चार ते सहा मित्रांचा गट किंवा दोन कुटुंबे मिळून तो बहुधा करतात. हे आखात ‘कोर्तेसचा समुद्र’ या नावानेही ओळखले जाते. किनाऱ्यावरील गोड्या पाण्याचे दुर्भिक्ष आणि ऋतूप्रमाणे दिशा पालटणारे वारे या दोन गोष्टींनी प्रवासाचे सारे नियोजन बांधलेले असते. कोणत्या दिवशी नांगर उचलू नये हे ज्याला कळते, तो येथील जाणता खलाशी समजला जातो.

भूगोल

नाव कॅलिफोर्नियाचे असले तरी हे आखात संपूर्णपणे मेक्सिकोत आहे. पश्चिमेस बाहा कॅलिफोर्निया हे लांबट द्वीपकल्प आणि पूर्वेस सोनोरा व सिनालोआ या राज्यांचा किनारा यांच्यामध्ये ते सुमारे १,१०० किलोमीटर पसरले आहे. पॅसिफिक भूपट्ट उत्तर अमेरिकी भूपट्टापासून सरकत गेल्याने द्वीपकल्प मुख्य भूमीपासून सुटे झाले व मधल्या खचलेल्या भागात समुद्र शिरला. त्यामुळे किनाऱ्याजवळही पाणी अनेक ठिकाणी एकाएकी खोल होते आणि बेटांचे कडे सरळ पाण्यातून वर उठलेले दिसतात. उत्तरेकडील टोकाशी मात्र कोलोरॅडो नदीच्या गाळामुळे समुद्र उथळ आहे. तेथे उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक सहा मीटरांहूनही अधिक होतो, तर दक्षिणेस ला पाझच्या परिसरात तो एक-दोन मीटरांच्या आसपास राहतो. शीडनौका बहुतेक करून दक्षिणेच्या आणि मध्य भागातच फिरतात.

दोन्ही बाजूंची भूमी सोनोरन वाळवंटाचा भाग आहे. ला पाझ येथे वर्षाकाठी सरासरी २० सेंटिमीटरांपेक्षाही कमी पाऊस पडतो, आणि तोही बव्हंशी उन्हाळ्याच्या अखेरीस एखाद्या वादळाबरोबर येतो. लालसर व पिवळट खडक, मधूनच पांढऱ्या वाळूचा पट्टा आणि डोंगरउतारावर खांबांसारखे उभे असलेले कार्दोन जातीचे प्रचंड निवडुंग, असे या किनाऱ्याचे दर्शन असते. त्याच्या पायथ्याशी मात्र जगातील अत्यंत समृद्ध समुद्रांपैकी एक आहे. हा विरोधाभास पाहण्यासाठीच अनेक जण येथे येतात.

वारे व ऋतू

शालेय भूगोलात शिकवले जाणारे खारे व मतलई वारे येथेही वाहतात, परंतु खलाशाला चिंता असते ती त्यांहून मोठ्या वाऱ्यांची.

नोव्हेंबर ते मार्च या काळात उत्तरेचे वारे वाहतात. स्थानिक स्पॅनिश भाषेत त्यांना ‘नोर्ते’ म्हणतात. अमेरिकेच्या पश्चिम भागातील कोरड्या पठारांवर हवेचा दाब वाढला की आखात एखाद्या बोगद्यासारखे काम करते आणि २० ते ३० नॉट वेगाचा वारा दोन-तीन दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ, सलग वाहत राहतो. आकाश निरभ्र असते, ऊन पडलेले असते, त्यामुळे नवख्या माणसाला धोका जाणवत नाही. पण आखाताच्या लांबीभर वाऱ्याला मोकळे पाणी मिळाल्याने आखूड, उभ्या आणि एकामागून एक लगेच येणाऱ्या लाटा उठतात. अशा लाटांतून उत्तरेकडे जाऊ पाहणारी नौका पुढे सरकते थोडी आणि आपटते फार. म्हणून हिवाळ्यात उत्तरेकडून आडोसा देणारी व दक्षिणेकडे उघडी असलेली खाडी शोधावी लागते.

उन्हाळ्याच्या आरंभी चित्र उलटते. ला पाझच्या परिसरात वसंताच्या अखेरीपासून सायंकाळनंतर ‘कोरोमुएल’ नावाचा वारा सुटतो. पॅसिफिक महासागरावरील थंड हवा द्वीपकल्पाचा सखल भाग ओलांडून तापलेल्या आखाताकडे धावते, हे त्याचे कारण. एका इंग्रज चाच्याच्या क्रॉमवेल या आडनावावरून हा शब्द आला, अशी लोककथा आहे. दिवसभर उन्हाने हैराण झालेल्या शहराला हा वारा दिलासा देतो. खाडीत नांगरलेल्या नौकेला मात्र तो रात्रभर जागवतो. एस्पिरितू सान्तो बेटाच्या पश्चिम बाजूच्या खाड्या उत्तरेच्या वाऱ्यात सुरक्षित असतात, पण कोरोमुएलला त्यांचे तोंड मोकळे असते. जानेवारीत जेथे शांत झोप लागली, तेथेच जूनमध्ये भांडी फळीवरून खाली पडतात. एकाच नांगरतळाबद्दल दोन प्रवाशांची मते इतकी भिन्न का असतात, याचा उलगडा बहुधा त्यांच्या प्रवासाच्या महिन्यावरून होतो.

खुद्द ला पाझच्या बंदरात या वाऱ्याचा आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाचा मेळ बसत नाही. प्रवाह एकीकडे ओढतो, वारा दुसरीकडे ढकलतो, आणि शेजारी नांगरलेल्या नौका वेगवेगळ्या दिशांना तोंडे करून गोल फिरू लागतात. खलाशांनी या प्रकाराला ‘ला पाझचे वॉल्ट्झ नृत्य’ असे गमतीचे नाव दिले आहे. दोन नौकांत पुरेसे अंतर नसेल तर गंमत टिकत नाही.

ऐन उन्हाळ्यात ‘चुबास्को’ नावाची अल्पकाळाची पण जोरदार गडगडाटी वादळे रात्री येतात. त्याहून गंभीर संकट चक्रीवादळांचे. पूर्व पॅसिफिकमध्ये त्यांचा हंगाम मेच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत मानला जातो आणि आखातास धोका प्रामुख्याने ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत असतो. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘ओदील’ हे चक्रीवादळ द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकावर आदळले. ला पाझच्या बंदरात नांगरलेल्या अनेक नौका तेव्हा बुडाल्या किंवा किनाऱ्यावर फेकल्या गेल्या आणि नौकेवर थांबलेल्या काहींना प्राण गमवावे लागले. या काळात अनेक नौकामालक आपली नौका सोनोरा राज्यातील ग्वायमास व सान कार्लोस येथे जमिनीवर चढवून ठेवतात. काही जण उत्तरेकडे सरकतात. लोरेतोच्या दक्षिणेस असलेले पुएर्तो एस्कोंदिदो हे जवळजवळ सर्व बाजूंनी बंदिस्त असलेले नैसर्गिक बंदरही निवाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या नावाचा अर्थच ‘लपलेले बंदर’ असा आहे.

मित्रांसह प्रथमच येणाऱ्यांना एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरची अखेर व नोव्हेंबर हे महिने सोयीचे पडतात.

पाण्याचा हिशोब

या किनाऱ्यावर ओढे नाहीत आणि बहुतेक बेटांवर विहिरीही नाहीत. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी धरले, तरी सहा जणांना दहा दिवसांसाठी २४० लिटर लागते; हात धुणे व अंघोळ त्यात आलेली नाही. म्हणून भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी घोटभर गोड्या पाण्याने विसळली जातात. अंघोळ म्हणजे समुद्रात डुबकी व नंतर तांब्याभर गोडे पाणी. भात किंवा बटाटे शिजवताना थोडे समुद्राचे पाणी मिसळले की मीठ व पाणी दोन्ही वाचते. अनेक नौकांवर आता खारे पाणी दाबाने सूक्ष्म पडद्यातून गाळून गोडे करणारे यंत्र असते. तथापि ते विजेवर चालते व बिघडू शकते, त्यामुळे यंत्र असले तरी टाकी भरूनच निघणे शहाणपणाचे.

पाण्यासाठी तहानलेली केवळ माणसेच नसतात. कोरड्या दिवसांत बेटांवरील मधमाश्या ओलाव्याच्या शोधात नौकेवर येतात. एखादी मधमाशी गळक्या नळाचा पत्ता घेऊन परतली की थोड्याच वेळात शेकडो येतात. त्या डंख मारण्यासाठी आलेल्या नसतात, पण केबिनमध्ये शिरल्यावर ते पटवून घेणे कठीण जाते. नळ घट्ट बंद ठेवणे, ओले कपडे आत घेणे आणि सूर्यास्ताची वाट पाहणे एवढाच उपाय असतो. अंधार पडला की त्या निघून जातात.

उष्णतेपासून बचावासाठी डेकवर कापडी छत बांधतात. उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि समुद्राचे पाणीही ३० अंशांपर्यंत तापते, तेव्हा दुपारी नौका हाकण्याऐवजी पहाटे निघून अकरापर्यंत नांगर टाकण्याची पद्धत आहे.

मार्ग व नांगरतळ

सर्वाधिक प्रचलित मार्ग ला पाझ ते लोरेतो हा होय. हे अंतर सुमारे सव्वाशे सागरी मैल असून खाड्यांत थांबत गेल्यास आठ ते दहा दिवस लागतात. ला पाझ येथे भाड्याने शीडनौका मिळतात. तेथील नौकावासीयांची सकाळची बैठक व्हीएचएफ रेडिओच्या २२ क्रमांकाच्या वाहिनीवर भरते. हवामान, सुट्या भागांची चौकशी, कोणाला मदत हवी आहे का, असे विषय त्यात येतात.

पहिला टप्पा बहुधा एस्पिरितू सान्तो बेट हा असतो. त्याच्या उत्तरेस लोस इस्लोतेस या खडकांवर समुद्रसिंहांची वसाहत आहे. पुढे सान फ्रान्सिस्को बेटाची अर्धचंद्राकृती खाडी लागते. त्यासमोर मुख्य भूमीवर सान एबारिस्तो हे मिठागरे असलेले कोळ्यांचे छोटे गाव आहे. आग्वा व्हेर्दे या गावात बकऱ्या पाळल्या जातात व तेथील बकरीच्या दुधाचे चीज नौकावासी आवर्जून विकत घेतात. दांसान्ते व कार्मेन ही बेटे ओलांडली की लोरेतो येते. कार्मेनवर जुन्या मिठागरांचे ओसाड अवशेष आहेत.

लोरेतोच्या उत्तरेस बाहिया कोन्सेप्सियोन हा लांब, शांत उपसागर आणि त्यापुढे सांता रोसालिया हे गाव आहे. १८८५ मध्ये एका फ्रेंच कंपनीने तेथे तांब्याची खाण सुरू केली. गावातील लाकडी घरे व लोखंडी चर्च ही त्या काळाची खूण. तेथून पूर्व किनाऱ्यावरील सान कार्लोसकडे जाण्यासाठी सुमारे पाऊणशे सागरी मैल रुंद समुद्र ओलांडावा लागतो. वाटेत निवारा नसल्याने हा टप्पा रात्रीच्या पाळ्या लावून पार करतात.

नांगर टाकताना तळ वाळूचा आहे की खडकाचा, हे स्वच्छ पाण्यामुळे दिवसा दिसते. अंधारात अनोळखी खाडीत शिरणे टाळावे, हा नियम येथे सर्वमान्य आहे. साखळी पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट सोडली जाते.

सोबतीचा प्रश्न

दहा-बारा मीटर लांबीच्या नौकेत सहा माणसे आठवडाभर राहिली की मैत्रीची कसोटी लागते. सुकाणू, शिडे, स्वयंपाक व रात्रीचा पहारा यांच्या पाळ्या आरंभीच ठरवलेल्या बऱ्या. खर्च समान वाटला जात असला, तरी नौकेच्या सुरक्षिततेचा अंतिम शब्द एकाचाच असावा लागतो.

खरी अडचण परतीच्या तिकिटाची असते. चौघांना सोमवारी कामावर हजर व्हायचे असते आणि शनिवारी उत्तरेचा वारा सुटतो. अशा वेळी बहुमताने निघण्याचा निर्णय झाल्यामुळे फाटलेली शिडे व मोडलेली हाडे यांच्या कहाण्या प्रत्येक बंदरात ऐकू येतात. अनुभवी नाखवे म्हणून प्रवासाच्या शेवटी दोन-तीन दिवस मोकळे ठेवतात. ते दिवस उपयोगी पडले नाहीत, तर पोहण्यात व मासे पकडण्यात आनंदाने जातात. रस्त्याने पोहोचता येईल अशा गावी एखाद्याला उतरवून बसने पाठवणे हाही मार्ग आहे, आणि त्यात कमीपणा मानला जात नाही.

इतिहास व साहित्य

युरोपीयांपूर्वी सेरी, पेरिकू, कोचिमी आदी लोक या किनाऱ्यावर राहत होते. त्यांपैकी सेरी लोकांचा तिबुरोन बेट व त्यासमोरील सोनोराच्या किनाऱ्याशी असलेला संबंध आजही टिकून आहे. १५३५ मध्ये एर्नान कोर्तेस ला पाझच्या उपसागरात आला आणि १५३९ मध्ये फ्रान्सिस्को दे उयोआ याने आखाताच्या टोकापर्यंत जाऊन बाहा कॅलिफोर्निया हे द्वीपकल्प असल्याचे दाखवले. तरीही पुढे दीर्घकाळ अनेक नकाशांत कॅलिफोर्निया हे बेट म्हणूनच रेखाटले जात होते. लोरेतो येथील जेझुइट मिशनची स्थापना १६९७ मधील आहे. ला पाझची ख्याती मोत्यांसाठी होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिंपल्यांचे साठे संपुष्टात आले आणि तो व्यवसाय संपला.

मार्च १९४० मध्ये अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक आणि त्याचा मित्र, सागरी जीवशास्त्रज्ञ एड रिकेट्स यांनी ‘वेस्टर्न फ्लायर’ या मासेमारी नौकेतून सुमारे सहा आठवड्यांची सफर केली. ती शिडाची नौका नव्हती, परंतु मित्रांनी मिळून या किनाऱ्याने केलेल्या प्रवासांत तीच सर्वांत प्रसिद्ध ठरली. ओहोटीच्या वेळी खडकांतील प्राण्यांचे नमुने गोळा करणे हा तिचा उद्देश होता. त्यावरील दोघांचा ग्रंथ १९४१ मध्ये निघाला. रिकेट्सच्या अपघाती मृत्यूनंतर त्यातील प्रवासवर्णन १९५१ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले आणि आजही अनेक नौकांच्या कपाटात ते आढळते. स्टाइनबेकच्या ‘द पर्ल’ या लघुकादंबरीचे बीजही ला पाझच्या एका लोककथेत आहे.

निसर्ग व निर्बंध

आखातातील २४४ बेटे, खडक व किनारी क्षेत्रे २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. येथे माशांच्या ८९१ जाती नोंदवल्या असून त्यांपैकी ९० इतरत्र सापडत नाहीत. हिवाळ्यात लोरेतोजवळ निळे देवमासे दिसतात. काळोख्या रात्री सूक्ष्म जीवांच्या प्रकाशाने वल्ह्याचा प्रत्येक फटका उजळतो. उत्तर भागात राहणारा वाकिता हा छोटा सागरी सस्तन प्राणी मात्र नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. तोतोआबा माशासाठी बेकायदा टाकलेल्या जाळ्यांत तो अडकतो. या कारणाने २०१९ मध्ये हे वारसास्थळ धोक्यातील स्थळांच्या यादीत गेले.

संरक्षित बेटांवर जाण्यासाठी परवाना लागतो. तेथे शेकोटी पेटवणे, शंख-शिंपले वा वनस्पती गोळा करणे आणि पाळीव प्राणी उतरवणे यांस मनाई आहे. लोस इस्लोतेस येथे समुद्रसिंहांच्या विणीच्या काळात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, त्यांच्यासह पोहण्यास बंदी असते. नौकेतून उंदीर बेटावर जाऊ नये यासाठीही दक्षता घ्यावी लागते. जगातील बहुसंख्य हीरमन कुरव पक्षी ज्या लहानशा रासा बेटावर घरटी करतात, तेथे माणसांबरोबर आलेल्या उंदरांनी दीर्घकाळ अंडी व पिले फस्त केली होती. १९९५ मध्ये त्यांचे पूर्ण उच्चाटन करण्यात आले.